वरचे सहा आणे

मला बंगल्यावर ठेवून घेतलं ते गिरदावरसाहेबांनी. पुढं काय झालं, बंगला कसा गेला आणि मी समुद्रापलीकडं एडनला कसा पोचलो, ते सगळं सांगतोच. पण आधी त्यांचं नाव यावं असं मला वाटतं. नाव तरी कुठलं, हुद्दाच तो. गिरदावर म्हणजे गावोगाव फिरून पिकं पाहणारा सरकारी माणूस, पटवाऱ्याच्या वरचा, तहसीलदाराच्या खालचा. निजामाच्या अमलातला शब्द. संस्थान गेलं, कचेरीच्या पाट्या बदलल्या, पण जिंतूर तालुक्यात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

साहेबांना सगळं जग सोळा आण्यांत दिसायचं. त्यांचं कामच ते. रानाच्या बांधावर उभं राहायचं, डोळे बारीक करून उभ्या पिकावरून नजर फिरवायची, आणि भरल्या पिकाचे सोळा आणे धरले तर यंदाचं किती आणे आहे ते सांगायचं. आणेवारी फार खाली गेली की सरकार शेतसारा तहकूब करी. ही नजर त्यांना अशी जडली होती की बांधावरून उतरले तरी ती उतरत नसे. कुणाचा ताप गेला का विचारलं तर म्हणायचे, "दोन आणे उरलाय." नव्या तहसीलदाराचा स्वभाव कसा, तर "सात आणे, पण एखादा पाऊस पडला तर सुधारेल." माझ्या हातचा चहा कितीतरी दिवस अकरा आण्यांच्या वर गेला नाही. एकदा धीर करून मी विचारलं की सोळा आण्यांचा चहा कसा असतो. बशी खाली ठेवून म्हणाले, "तो अजून कुणी केलेला नाही, किसनराव. थोडी जागा ठेवावी माणसानं."

मला किसनराव म्हणणारा तो एकच माणूस. मी राणीसावरगावच्या धनगराचा. घरी किसन्या, रस्त्याच्या कामावर मुकादमाचा नुसता "ए". पहिल्यांदा त्यांनी 'राव' लावला तेव्हा माझ्यामागं दुसरं कुणी उभं आहे का म्हणून मी वळून पाहिलं होतं.

शाळा मी सोडली की शाळेनं मला सोडलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाचवीपर्यंत शिकलो ते उर्दूतून. मग पोलीस ॲक्शन झाली, शाळेला कुलूप लागलं, आणि कुलूप निघालं तेव्हा फळ्यावर मराठी आली होती. घरी बोलायची तीच भाषा, पण फळ्यावर पाहिली की परकी वाटायची. मला पुन्हा खाली, लहान पोरांत बसायला सांगितलं. बाप म्हणाला, "मेंढरं वळायला कोणती भाषा लागती रं?" मी मेंढरांमागं गेलो. पुढं रोग आला आणि एका पावसाळ्यात कळपच संपला. मग बायकोला, सोजरला, घेऊन मी येलदरीच्या रस्त्यावर खडी फोडायला आलो.

त्या रस्त्यानं साहेब तट्टावरून जायचे. एक दिवस थांबले आणि लिहिता-वाचता येतं का विचारलं. मी खरं ते सांगितलं, उर्दू येतं, मराठी अडखळत. ते तट्टावरून खाली उतरले. "मग तुझं आन माझं दुखणं एकच," म्हणाले. त्यांनाही त्या वयात नोकरी टिकवायला मराठीची परीक्षा द्यावी लागली होती, आणि आधी ते नापास झाले होते. पिकं काय मराठीतच उगवत होती, म्हणायचे, पण माझे सगळे कागद उर्दू लिपीतले. आता हातानं लिहिलेलंच हाताला ओळखू येईना.

रस्त्याकडेच्या टेकाडावर एक सरकारी डाकबंगला होता. जुना खानसामा हैदराबादला लेकाकडं निघून गेल्यापासून तो बंद पडला होता, आत वटवाघळं. साहेबांनी तहसीलदारापाशी शब्द टाकला, मी खानसामा झालो, आणि बंगल्यामागची खोली आम्हाला राहायला मिळाली. सोजरनं ती पहिल्यांदा सारवली त्या दिवशी ती हात धुवायच्या आधीच आतून फिरून आली आणि म्हणाली, "चारी बाजूंनी भित हाय ओ." मेंढरांमागं पालात वाढलेली ती. पुढं त्याच खोलीत आमचा गणपत झाला. ही खोली हातची जाऊ नये, एवढीच त्या वर्षांतली माझी काळजी. बाकी जगात काय चाललं होतं ते मला आजही दुसऱ्यांना विचारावं लागतं.

साहेब अंड्याला शिवत नसत, तरी मला आमलेट शिकवलं ते त्यांनीच. चुलीकडं पाठ करून व्हरांड्यात खुर्ची टाकायचे आणि तिथून सांगायचे, "फेटायलास का झोपलास? आवाज येईना." दौऱ्यावर कितीतरी वर्षं त्याच बंगल्यात मुक्काम पडल्यामुळं जुन्या खानसाम्याच्या आमलेटाचा आवाज त्यांना पाठ होता. तव्यावर अंडं पडलं की मान कलती करून ऐकायचे. "चव मला इचारू नको. आवाज बराबर हाय का ते इचार." माझं पहिलं आमलेट करपलं तेव्हा वळूनसुद्धा न पाहता म्हणाले, "तीन आणे. दुष्काळ जाहीर करा."

अंगात कायम काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, चैत्र-वैशाखातसुद्धा. आमचा भाग मुंबई राज्यात गेल्यावर कचेरीत बाहेरून नवे कारकून आले, त्यांना ती खुपायची. एकानं सगळ्यांसमोर म्हटलं, संस्थान गेलं पण गिरदावरसाहेबांची शेरवानी काही जाईना. साहेब शांतपणे म्हणाले, "संस्थान माझ्या अंगाला बसलं नव्हतं. ही बसती." लोक हसले, तोही हसला. पण त्या दिवशी बंगल्यावर आल्यावर त्यांनी चहा अर्धा टाकला आणि किती आणे ते सांगितलं नाही.

परदेशी पाहुणे आमच्याकडं नेमके कसे यायचे हे मला कधी नीट कळलं नाही. वेरूळ-अजिंठा पाहायला औरंगाबादला पुष्कळ लोक उतरत. त्यातला एखादा, कुणी सांगितलं म्हणून किंवा वाट चुकून, आमच्या अंगाला वळायचा. चारठाण्याची जुनी देवळं होती, नेमगिरीची लेणी होती. एक जोडपं आलं ते दिवसभर देवळाच्या खांबांचे फोटो काढत बसलं, आणि निघताना बाईनं सोजरच्या वाळत टाकलेल्या गोधडीचाही फोटो काढला. सोजर दोन दिवस विचारत होती, गोधडीत काय पाहिलं तिनं. एक म्हातारा इंग्रज हिंगोलीच्या जुन्या छावणीत आजोबाची कबर शोधून परत जाताना टेकला. कबर सापडली नव्हती. आमलेट खाता खाता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आजोबामुळं की मिरचीमुळं, यावर साहेबांचं आणि माझं कधी एकमत झालं नाही.

आणि एक आले ते पालमचे मास्तर. साहेबांचे जुने स्नेही. पूर्वी पालमला शाळेत होते, मग लेकांबरोबर कराचीला गेले. बहीण आजारी म्हणून परवाना काढून आले होते, आणि एक दिवस फक्त साहेबांना भेटायला बंगल्यापर्यंत आले. परदेशी पाहुणा म्हणून मी घाबरत घाबरत बशीत आमलेट ठेवलं. त्यांनी ते हळूच बाजूला सारलं आणि मागं खोलीत भाकरी होतीय का विचारलं. मग उठून स्वतःच चुलीपाशी जाऊन बसले. सोजरनं भाकरी तव्यावर टाकली, त्यावर पाणी फिरवलं, आणि ती उलटणार इतक्यात म्हणाले, "जरा थांब बाई. पानी सुकू दे." सोजर माझ्याकडं पाहून हसली, कारण ते बरोबर होतं.

मग ती विचारणा आली. मुंबईहून औरंगाबादला, औरंगाबादहून परभणीला, परभणीहून तालुक्याला: येत्या काही वर्षांत आपल्या भागात परदेशातून किती प्रवासी येतील याचा अंदाज कळवावा. कशासाठी, ते काही लिहिलेलं नव्हतं. कचेरीत हसू पिकलं. तहसीलदार म्हणाले, अंदाज म्हणजे गिरदावरसाहेबांचं खातं, आणि कागद त्यांच्याकडं सरकवला. साहेबांना मात्र हसू आलं नाही. आयुष्यभर पीक पाहिलं तसंच हे पाहायचं, एवढंच त्यांनी ठरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी बंगल्यावर येऊन बसले.

त्यांनी आम्हा दोघांना पुढ्यात बसवलं आणि एकेक पाहुणा आठवायला लावला. कोणत्या वाटेनं आला, जाताना तोंड कसं होतं, घरी जाऊन दुसऱ्याला सांगेल का. "धान उगवतं पावसावर," म्हणाले. "पाहुना उगवतो कशावर, ते आधी बघायला पाहिजे." सोजर म्हणाली की फोटोवाली बाई नक्की सांगेल, गोधडीचं तरी सांगेल. साहेबांनी मान हलवली, जणू बांधावर उभे आहेत.

पण माझं लक्ष तिकडं नव्हतं. कचेरीतल्या शिपायानं मला आदल्या बाजाराला गाठून सांगितलं होतं की ज्या बंगल्याचा आकडा मोठा जाईल तिथं मुंबईहून सर्टिफिकीटवाला, इंग्रजी बोलणारा खानसामा येणार. तो आला की खोली त्याची. गणपत तेव्हा नुकता पळायला लागला होता. साहेबांना ते सांगायची गरज पडली नाही. माणसाच्या तोंडाची आणेवारी त्यांना शेतापेक्षा लवकर कळायची. थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मुंबईचा खानसामा आला तर तुला कुठं ठेवायचं, हेच ना?"

सोजर आतून म्हणाली, "साहेब, हाय तेवढं सांगा की."

साहेब हसले. म्हणाले, इतक्या वर्षांत मला असं कुणी सांगितलेलं नाही बाई. मग आम्हाला त्यांनी त्यांच्या कामाची गोष्ट सांगितली. लेव्हीच्या दिवसांत पिकाच्या मानानं सरकार धान्य उचलून न्यायचं. बारा आण्यांचं रान दिसलं की ते आठ लिहायचे. वरचा माणूस ओरडायचा, पण गावाच्या पेवात धान्य राहायचं, आणि पोरं चैत्रापर्यंत जगायची. कित्येक गावं त्यांच्या कमी लिहिण्यावर तगली होती. "किसनराव, कमी लिहिणं ही दया," ते म्हणाले. "जास्त लिहिणं ही लबाडी. एवढंच शिकलो मी नोकरीत."

पालमच्या मास्तरांना धरायचं की नाही, यावर कचेरीत वाद झाला असं मागून कळलं. कारकून म्हणाला, परवान्यावर आले म्हणजे परदेशी. असे नातेवाईक दर वर्षी येणार, त्यांना धरलं तर आकडा चांगला फुगेल. साहेबांनी ऐकलं नाही. "भाकरी कधी उलटायची ते ज्याला कळतं, त्याला मी परदेशी लिहू?" म्हणाले, आणि तसले सगळे त्यांनी गाळले. बाकीच्यांना सोळातले चार आणे धरले, म्हणजे चौथाच हिस्सा. कागद परभणीला गेला त्या दिवशी ते मुद्दाम वाट वाकडी करून बंगल्यावर आले. आता मुंबईचा कुणी येत नाही, म्हणाले. त्या दिवशी माझ्या चहाला पहिल्यांदा बारा आणे मिळाले.

आम्हाला काय माहीत, की प्रत्येक तालुक्यात असाच एक माणूस बसला होता. प्रत्येकानं पिकं पाहिलेली, प्रत्येकाला ठाऊक की आकडा वर गेला की वरून काहीतरी ओझं येतं. तालुक्यानं कमी केलं, जिल्ह्यानं त्यातूनही थोडं कमी केलं, औरंगाबादनंही हात आखडता घेतला. मुंबईला पोचेपर्यंत आमच्या भागात परदेशी माणूस जवळजवळ उगवतच नव्हता. मग हुकूम आला. जिथं प्रवाशांची आशा नाही असे बंगले येलदरीच्या धरणाच्या कामाला सिमेंट ठेवायला द्यावेत. त्यात आमचा होता.

साहेब भर दुपारी आले. एरवी तट्टू बांधायच्या आधी हाक मारायचे, त्या दिवशी पायरीखालीच उभे राहिले, उन्हात. मी वर या म्हटलं तरी आले नाहीत. "किसनराव, तुमचं पीक मी बुडवलं," म्हणाले. मला कायम तू म्हणणारा माणूस त्या दिवशी अहो-जाहो बोलला, आणि खोली जाणार यापेक्षा तेच मला जास्त लागलं. मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले, आणि तांब्या परत देताना तो बराच वेळ हातातच धरून राहिले.

गप्प बसणारा तो माणूस नव्हता. परभणीला जाऊन आले, मग औरंगाबादलाही. अंदाज एकदा गेला की गेला, असं तिथं सांगण्यात आलं. प्रवासी खरोखर येत असल्याचं दाखवा, मग पाहू. तेव्हा साहेबांनी रजा काढली आणि त्या हिवाळ्यात परभणीच्या स्टेशनवर जाऊन उभे राहू लागले. औरंगाबादकडून गाडी आली की काळी शेरवानी घालून डब्याडब्यापाशी जायचे, आणि खिडकीत गोरा चेहरा दिसला की त्यांना येत होतं तेवढं सगळं इंग्रजी एका दमात म्हणायचे: "गुड टेंपल. गुड केव्ह. गुड अंडा." बहुतेक लोक हैदराबादला चाललेले असत. कुणी हसून मान हलवी, कुणी खिडकी लावून घेई. एका साहेबानं त्यांना स्टेशनचा अंमलदार समजून सामान कमी पडल्याची तक्रार केली, ती त्यांनी नीट ऐकून घेतली आणि स्टेशनमास्तरला पोचवली. हमाल त्यांना चिडवायचे, "काय गिरदावरसाहेब, आज गोऱ्यांचं पीक कसं हाय?" ते म्हणायचे, "उगवन कमी हाय. थंडी पडू दे."

मला हे सगळं कळायचं ते परभणीच्या मोटारीच्या ड्रायव्हरकडून. तो हसत सांगायचा, आणि मी हसायचा प्रयत्न करायचो. माझ्यासाठी एवढा मानाचा माणूस फलाटावर उभा राहून हसं करून घेतोय, हे मनातून जाईना. मी त्यांना हात जोडून म्हणालो, साहेब पुरे करा, मी पुन्हा खडी फोडीन. ते म्हणाले, "खडी फोडायला तू हायसच. पन गणपतला भिंती दाखवल्यात आपन, आता त्या काढून कशा घ्यायच्या?"

आणि एक दिवस खरंच दोघी उतरल्या. दोन बहिणी, दोघी म्हाताऱ्या, स्वीडनच्या की स्वित्झर्लंडच्या. मला त्या दोन देशांतला फरक अजून कळत नाही. साहेब त्यांना मोटारीनं बंगल्यावर घेऊन आले, लग्नाचं वऱ्हाड आणावं तसे. त्या राहिल्या, लेण्यांची चित्रं काढली, आमलेट खाल्लं, आणि निघताना गणपतला मांडीवर घेऊन आपल्या भाषेतलं काहीतरी गुणगुणल्या. साहेब व्हरांड्यातून ते पाहत होते. मला वाटलं, आता खोली राहिली.

पण वर कळवायची वेळ आली तेव्हा साहेब अडले. कागद समोर, बोरू हातात, आणि लिहीनात. "ह्या उगवलेल्या न्हाईत," म्हणाले. "मी फलाटावरून ओढून आनल्यात. पेरून उगवलं ते पीक. दुसऱ्याच्या रानातून आनून रोवलं ते पीक नसतं." ह्या लिहिल्या तर ती लबाडी, असं त्यांचं म्हणणं. सोजर गणपतला कडेवर घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "साहेब, तवा तुमी कमी लिवलं, ते खरं व्हतं का?"

साहेबांनी वर पाहिलं.

"ते बी खोटंच की," ती म्हणाली. रागानं नाही, चुलीत लाकूड जास्त झालं म्हणून सांगावं तशी.

त्यांनी शेरवानीचं गळ्याचं बटण काढलं. मी ते निघालेलं कधी पाहिलं नव्हतं. मग दोघी बहिणी लिहिल्या, त्याखाली पालमचे मास्तर लिहिले, आणि स्वतः कागद घेऊन परभणीला गेले. तिथल्या अंमलदारानं तो वाचला, ठीक आहे म्हणाला आणि बाजूला ठेवला. सिमेंटच्या गाड्या तोवर निघाल्याही होत्या.

पोती आली ती आधी मोठ्या दालनात रचली, मग व्हरांड्यात. आमच्या खोलीत गोदामाचा राखणदार येणार होता. सोजरनं जाताना खोली पुन्हा सारवली. मी म्हटलं, कशाला आता, उद्या सिमेंटची धूळ बसेल. ती म्हणाली, "आपुन आलो तवा वटवाघळं व्हती. जाताना तरी नीट ठिवून जाऊ."

साहेबांनी माझ्यासाठी सगळीकडं शब्द टाकला, जिंतूरला, परभणीला, पार औरंगाबादच्या हॉटेलांत. सगळे सर्टिफिकीट मागायचे. शेवटी त्यांना त्यांचा हैदराबादचा वर्गमित्र आठवला, जो एडनला एका हॉटेलात मुनीम होता. त्यानं कळवलं, कागद नको, तू म्हणतोस ना, पाठव. मला एडन कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. साहेबांनाही नव्हतं. "पानी लागतं मधी," एवढंच म्हणाले.

परभणीच्या त्याच फलाटावर ते मला पोचवायला आले. हमालांनी ओळखलं, पण त्या दिवशी कुणी चिडवलं नाही. सोजर गणपतला घेऊन माझ्या बापाकडं राणीसावरगावला गेली होती. फलाटावर आम्ही दोघंच. गाडीला वेळ होता. मग त्यांनी डोळे बारीक केले, बांधावर करायचे तसे, आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"परत यायची आनेवारी किती, किसनराव?"

"सोळा आणे," मी म्हणालो.

"मी दहा धरतो." मग म्हणाले, "कमी धरतो म्हनून रागवू नको. माझी सवय. आलास तर वरचे सहा आने मला दाखव. माझा अंदाज कमी पडलेला मला एकदा डोळ्यांनी बघायचाय."

एडनला डोंगर काळे आहेत आणि झाड दिसलं तर लोक त्याची ओळख सांगतात. जहाजं येतात, त्यांतले प्रवासी थोड्या वेळासाठी उतरतात, बाजार करतात, आमच्या हॉटेलात जेवतात. जहाज दिसलं की गोव्याचा बटलर मला विचारतो, किती वर येतील जेवायला? तो सगळ्यांनाच विचारतो, पण मी डोळे बारीक करतो म्हणून हसतो. मी दहा आणे, बारा आणे असं सांगतो. इकडं कळलं की गावाकडं आता आणे गेले, नवे पैसे आले, शंभराचा रुपया. साहेब त्याला काय म्हणाले असतील ते मला इथं ऐकू येतं. माझा अंदाज पुष्कळदा चुकतो. पण मी कधी कमी सांगत नाही. उरलेल्या पावाबद्दल बोलणी खातो, तरी थोडा जास्तच सांगतो. सोजर म्हणाली असती, ते बी खोटंच की.

तिची पत्रं गावचे गुरुजी लिहून देतात. यंदा आपलं महाराष्ट्र झालं, गणपत शाळेत जायला लागला, मराठी शाळेत, आणि त्याला पाढे येतात. बंगला अजून सिमेंटचाच आहे. साहेब आता नोकरीतून मोकळे झाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. कुणी विचारलं तर सांगतात, उजवा चार आणे, डावा बारा. तरी मोटारीत बसून ते एकदा राणीसावरगावला आले होते, गणपतला पाहायला. त्याला मांडीवर घेऊन चेहऱ्यावरून हात फिरवला. मी कधी येतोय ते त्यांनी विचारलं नाही. जाताना सोजरला एवढंच म्हणाले, "दहाच धरा बाई. दहाच."

ते वाचल्यापासून मला ती दोन डोळ्यांची आणेवारी सारखी आठवते. डावाही खाली गेला तर ते काय पाहतील? इथला करार संपायला अजून अवकाश आहे, आणि संपल्यावर जहाजाचं कसं जमेल ते मुनीमकाकाच सांगू शकतात. इथं ज्वारी मिळत नाही. कधी स्वप्नात सोजरच्या चुलीपाशी बसतो आणि भाकरी कधी उलटायची तेच आठवत नाही. मुंबईला उतरेन तेव्हा धक्क्यावरचा माणूस विचारील, कुठून आला, आणि मला एडन म्हणावं लागेल. साहेबांनी तरी मला परदेशी धरू नये.

साहेब, मी येईन. तुमचा डावा डोळा आहे तोवर येईन, आणि नसला तर तुमच्याकडं पाठ करून चुलीपाशी बसेन, तुम्ही व्हरांड्यात बसून ऐका. आवाज बरोबर येईल. ते वरचे सहा आणे मी तुम्हाला आणून दाखवणार आहे.